रकाना सात

बाईंनी कागद टेबलावर ठेवला, हातमोजे काढले नाहीत.
बाहेर उणे एकोणीस.
इर्मेली क्युत्तानेन. वय एकसष्ट. वाद्य अ‍ॅकॉर्डियन.
मी कर कार्यालयातला माणूस.
मला सुरातलं कळत नाही, बेरजेतलं कळतं.

तर बेरीज:
जानेवारी ते डिसेंबर, दोन लाख अकरा हजार वेळा
जगात कुणी ना कुणी त्यांचं वाजवणं लावलं.
तीस सेकंदांच्या आत ज्यांनी बंद केलं
ते यात नाहीत; त्याला ऐकणं म्हणत नाहीत म्हणे.
कंपनी, मधला, मधल्याचा मधला
यांचं सारून झाल्यावर हातात
तीनशे चार युरो, साठ सेंट.
भात्याची दुरुस्ती तीनशे ऐंशी. पावती जोडली आहे.

"तीस सेकंदांचं सांगू?" बाई म्हणाल्या.
"माझी एक चीज नुसत्या भात्याच्या श्वासाने सुरू होते.
पहिला सूर एकेचाळिसाव्या सेकंदाला.
कंपनीतला पोरगा म्हणाला, तेवढा श्वास कापू या.
मी म्हटलं, काप.
आता ती झोपेच्या यादीत आहे.
लोक लावतात, झोपतात, मोजणी चालू राहते.
खरं सांगायचं तर
जाग्या माणसांपेक्षा झोपलेल्यांनीच मला जास्त दिलंय."
हसल्या. मी हसावं की नाही ते कळलं नाही,
मी स्टेपलर सरळ ठेवला.

दुसऱ्या पानावर गावं होती.
हेलसिंकी, ओउलू, गॉथेनबर्ग, ओसाका,
आणि अगदी खाली, नकाशाच्याही खाली,
चिलीतलं पुंता अरेनास:
श्रोता एक. नोव्हेंबरात ऐकलं सहाशे अकरा वेळा.

सहाशे अकरा वेळा!
म्हणजे दिवसाला वीस. सकाळी भांडी घासताना,
रात्री, दुपारी, कुणाच्या उशाशी बसून, कोण जाणे.
त्याने महिन्याची वर्गणी भरली असणार.
मी सवयीने गणित केलं:
त्यातले बाईंना अठ्ठ्याऐंशी सेंट.
"बाकीचे?" मी विचारलं. विचारायचं कारण नव्हतं.

बाकीचे पंगतीत.
सगळ्यांचे पैसे एकाच पातेल्यात,
आणि वाढपी वरच्या टोकाला उभा.
ज्यांची पानं आधीच भरलेली त्यांना आग्रह,
अजून एक डाव, अजून एक,
आणि शेवटच्या पानाशी येईतो
पातेलं खरवडल्याचा आवाज.
पुंता अरेनासच्या माणसाने बाईंचं नाव घेऊन
पानात वाढा म्हणून जे दिलं
ते अशा कुणाला गेलं
ज्याचं त्याने कदाचित नावही ऐकलेलं नाही.
कदाचित. त्याने दुसरं काही ऐकलं असेल, नसेल.
कागदावर आहे तेवढंच मी म्हणू शकतो.

एव्हाना बाईंनी हातमोजे काढून
खिडकीखालच्या रेडिएटरवर ठेवले होते.
आमच्या गावात जुन्या कागद गिरणीत
आता सर्व्हर आहेत, जगभरची गाणी साठवलेले,
रात्रंदिवस तापतात, आणि ते ऊन पाणी
रस्त्याखालून घरोघर फिरतं.
बाईंची ती श्वास कापलेली चीजही तिथेच कुठेतरी असेल.
म्हणजे तिची ऊब त्यांच्याच घरी येते,
मागोमाग नगरपालिकेचं बिल येतं,
महिन्याला एकशे बारा.

रकाना सात: व्यवसाय की छंद?
नियम स्वच्छ आहे. सलग तीन वर्षं तोटा,
तर छंद. मग भात्याची पावतीही धरायची नाही.
हे तिसरं वर्ष.

"तुम्ही किती वर्षं वाजवताय?"
"चव्वेचाळीस."
"रोज?"
"बोटं आखडली नसतील तर रोज."

मी पेन उघडलं.
बाहेर कुणीतरी बर्फ खरवडत होतं, फावड्याचा आवाज
थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा.
बाई हातमोजे चढवू लागल्या, एकेक बोट, घाई न करता.
"छंदच लिहा," म्हणाल्या. "तुमची नोकरी जायला नको."

त्या गेल्यावर
मी हेडफोन लावले आणि ती चीज शोधली.
बत्तिसाव्या सेकंदापर्यंत थांबलो.
मग आणखी थांबलो.

रकाना अजून कोरा आहे.
मुदत शुक्रवारची.